तेच कार्ड पुन्हा पुन्हा विसरताय? आधी चुकलेलं उत्तर लिहून ठेवा

जर्मनमधलं ‘एन्टहाल्टन’ हे क्रियापद मी अकरा वेळा विसरलो आहे. अकरा हा आकडा मी मोजलेला नाही. अँकी हे पाठांतराचं ॲप: कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि आठवलं की नाही त्यावरून ते उजळणीची पुढची तारीख ठरवतं. त्यात कार्ड समोर असताना ‘आय’ ही कळ दाबली की त्या कार्डाची कुंडली उघडते, तिथे तो लिहिलेला होता. एक दिवस, तीन दिवस, आठवडा असं ते कार्ड चढत जायचं आणि आठवड्याच्या घरात पोचलं की सापाच्या तोंडी पडून परत पहिल्या घरात यायचं. चार महिने आमची ही सापशिडी चालली होती.

अशा कार्डाला अँकी ‘लीच’ म्हणतं, म्हणजे जळू. मूळ सेटिंग न बदलता ठेवलं असेल तर उजळणीत आठ वेळा चुकलेल्या कार्डाला हा टॅग आपोआप लागतो आणि त्यानंतर दर चार चुकांनी पुन्हा इशारा मिळतो. नाव अगदी चपखल आहे. डेकमध्ये, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्यात, हजार कार्डं असली तरी रोजचा निम्मा त्रास पंधरा-वीस जळवाच देतात. त्या काढायच्या कशा, हे सांगायला ही पोस्ट लिहितोय. मी अँकी वापरतो म्हणून त्याचीच बटणं सांगेन, पण दुसरं ॲप असलं तरी दुखणं तेच असतं.

आधी बघा, खरंच बिघाड आहे का

‘मी रोज पंधरा कार्डं विसरतो, माझी स्मरणशक्तीच गेलीय’ असं वाटत असेल तर आधी रोज एकूण किती कार्डं पाहता ते मोजा. दीडशे पाहत असाल तर पंधरा चुकणं हे यंत्रणा सांगितल्याप्रमाणे चालल्याचं लक्षण आहे. अँकीत २०२३ पासून, म्हणजे २३.१० या आवृत्तीपासून, उजळणीच्या तारखा काढायची एफएसआरएस नावाची नवी पद्धत आली. तिच्यात अपेक्षित स्मरणाचं प्रमाण मुळात ९० टक्के धरलेलं असतं. दहातलं एक कार्ड तुम्ही विसराल असं गृहीत धरूनच ती पुढची तारीख काढते. हे प्रमाण ९७ वर नेऊन ठेवलंत तर चुका कमी होतील, पण उजळण्या इतक्या वाढतील की नवीन शब्दांना वेळच उरणार नाही. मी एकदा करून पाहिलंय, आठवडाभरात परत ९० वर आलो.

तेव्हा वेगवेगळी कार्डं एकेकदा चुकत असतील तर काहीही करू नका. ‘अगेन’ (म्हणजे विसरलो, पुन्हा दाखव) हे बटण दाबा आणि पुढे चला. चार महिन्यांवर गेलेलं कार्ड चुकून एका दिवसावर आलं की सगळं पाण्यात गेल्यासारखं वाटतं खरं, पण तसं होत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरगट स्वतःच पाठ करून १८८५ साली जे निष्कर्ष छापले, त्यात त्याने मोजलं होतं ते हेच: विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी कष्ट पडतात. एकतीस दिवसांनंतरही साधारण २१ टक्के श्रम वाचत होते, तेही काडीचाही अर्थ नसलेल्या अक्षरांसाठी. अर्थ असलेला आणि चार महिने टिकलेला शब्द दुसऱ्यांदा पटकन बसतो. नवी पद्धत ही गोष्ट हिशेबात धरते आणि चुकलेल्या कार्डाला अगदी कोऱ्या कार्डासारखं वागवत नाही.

बिघाड म्हणायचा तो एकच: तेच ते कार्ड वारंवार चुकणं. अँकीतली कार्डांची यादी, म्हणजे तिथला ‘ब्राउझर’, उघडून ‘लॅप्सेस’चा (कार्ड किती वेळा चुकलं त्याचा) स्तंभ लावा आणि मोठा आकडा वर येईल असा क्रम द्या. वरची वीस कार्डं हे तुमचे रुग्ण.

चुकल्यावर लगेच बटण दाबू नका

या पोस्टमधली एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या. कार्ड चुकलं की ‘अगेन’ दाबण्याआधी ‘ई’ कळ दाबून कार्ड संपादनाला उघडा आणि मनात कोणतं उत्तर आलं होतं ते लिहून ठेवा. मी त्यासाठी ‘चूक’ नावाचा वेगळा रकानाच केला आहे. तो कार्डावर दिसत नाही, नुसता साठत जातो. सगळ्या कार्डांना हे करायची गरज नाही, चार-पाच वेळा चुकलेल्यांनाच करा. दहा सेकंदांचं काम आहे.

आपण फक्त ‘आठवलं नाही’ एवढंच बघतो. पण त्याच्या जागी काय आठवलं, त्यावरून रोग कळतो. तीन-चार नोंदी झाल्या की तीनपैकी एक चित्र दिसतं: दरवेळी दुसराच एक ठरावीक शब्द आलेला असतो, किंवा दिलेलं उत्तरही तसं बरोबरच असतं, किंवा मग डोक्यात काहीच नसतं, पाटी कोरी. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. सगळ्यांवर ‘अजून घोका’ हा एकच उपाय केला म्हणून माझे चार महिने गेले.

दरवेळी दुसराच शब्द येतो

‘एन्टहाल्टन’च्या ‘चूक’ रकान्यात काय साठलं होतं पाहा: बेहाल्टन, बेहाल्टन, एरहाल्टन, बेहाल्टन, उंटरहाल्टन. मी शब्द विसरत नव्हतोच. चार भावंडांत मला ओळख पटत नव्हती. मूळ क्रियापद हाल्टन, म्हणजे धरणे. त्याला पुढे वेगवेगळे उपसर्ग लागून एन्टहाल्टनचा अर्थ आत असणे, बेहाल्टनचा ठेवून घेणे, एरहाल्टनचा मिळणे आणि उंटरहाल्टनचा चक्क गप्पा मारणे. शाळेत ‘हार’ला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार अशी माळ शिकवतात, आठवतं? मराठी नव्याने शिकणाऱ्याला हे पाच शब्द एकाच आठवड्यात पाच कार्डांवर दिले तर तो दुपारी संहार करून संध्याकाळी आहाराला जाईल. माझं तसंच झालं होतं. चारही कार्डं मी एकाच दिवशी, एकाच यादीतून बनवली होती.

अशा वेळी जास्त उजळणीने फायदा होत नाही, उलट नुकसान होतं. दरवेळी चारही शब्द एकदम जागे होतात आणि त्यांची गाठ आणखी घट्ट बसते. मी केलं ते असं. चारांपैकी तीन सस्पेंड केले, म्हणजे उजळणीतून तात्पुरते बाजूला काढले. सर्वांत उपयोगाचा ‘एरहाल्टन’ एकटा ठेवला. तो महिन्याच्या अंतरापर्यंत न चुकता गेल्यावर दुसरा बाहेर काढला, आणि तो बाहेर काढताना कार्ड जुनं ठेवलं नाही. नुसता शब्द आणि अर्थ होता तिथे पूर्ण वाक्य घातलं.

‘इश हाबे ईरन ब्रीफ एरहाल्टन’, तुमचं पत्र मिळालं.
‘डू कान्स्ट डास बूख बेहाल्टन’, पुस्तक तुझ्याकडेच ठेव.
‘डास बूख एन्टहेल्ट फीले बिल्डर’, पुस्तकात खूप चित्रं आहेत.

तिसऱ्या वाक्यात क्रियापदाचं रूपच बदललंय हे बघा, ‘हाल्ट’चं ‘हेल्ट’ झालंय. मी मूळ रूप घोकत बसलो होतो आणि वाचताना समोर येत होतं हे दुसरं रूप. म्हणजे कार्ड पाठ झालं असतं तरी वाचनात अडलोच असतो.

सस्पेंड करायला जड जातं, पळ काढल्यासारखं वाटतं. पण दोन सारख्या कार्डांपैकी एकाला बाजूला बसवणं हा या दुखण्यावरचा मला माहीत असलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. घाई असेल तर उलटा मार्ग आहे: दोन्ही शब्द मुद्दाम एकाच कार्डावर समोरासमोर आणा आणि ‘या दोहोंत फरक काय?’ असा प्रश्न घाला. दोनच शब्द असतील तर हे चालतं. चारांवर करून पाहिलं तर पुन्हा खिचडी झाली.

माझंही उत्तर बरोबरच होतं की!

हे दुखणं मराठीकडून परभाषेकडे जाणाऱ्या कार्डांचं. समोर ‘मिळणे’ लिहिलंय. मी म्हणालो ‘बेकोमन’. कार्ड म्हणतं ‘एरहाल्टन’. दोन्ही बरोबर, शिवाय बोलण्यातला ‘क्रीगन’ आहेच. ‘अगेन’ दाबलं तर शिकलेल्या शब्दाला शिक्षा, ‘गुड’ (आठवलं) दाबलं तर न आठवलेल्याला बक्षीस.

यात चूक कार्डाची आहे. प्रश्नाला उत्तर एकच हवं. समोरच्या बाजूला ‘मिळणे (औपचारिक, पत्रात), ए…’ एवढं लिहिलं की भांडण मिटतं. पहिलं अक्षर देणं म्हणजे कॉपी करणं नव्हे. प्रत्यक्ष बोलताना आपल्याला संदर्भ असतो, कार्डावर तो नसतो, म्हणून तेवढी भरपाई.

मराठी शब्दच अनेक अर्थांचा असला की आणखी गंमत होते. माझ्या डेकमध्ये एक कार्ड होतं, समोर नुसतं ‘लागणे’. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेळ लागतो. मला तेव्हा नेमकं कुठलं लागणं अभिप्रेत होतं हे सहा महिन्यांनी मलाच कळेना. ‘मला पेन लागेल’मधलं लागणं ‘ब्राउखन’ आणि ‘तासभर लागेल’मधलं ‘डाउअर्न’. मी एकाच कार्डाच्या मागे दोन्ही लिहून ठेवले होते, एक आठवला की दुसरा राहायचा आणि कार्ड चुकीत जमा. एका कार्डावर एकच गोष्ट. मागच्या बाजूला स्वल्पविराम दिसला की मी आता ते कार्ड फोडतो.

लिंगाचं काय करायचं

याला वेगळी जागा देतोय, कारण माझ्या वीस जळवांपैकी सात नुसत्या लिंगाच्या होत्या. शब्द आठवतो, अर्थ आठवतो. पण नामाआधी पुल्लिंगी ‘डेअ’, स्त्रीलिंगी ‘डी’ की नपुंसकलिंगी ‘डास’ लावायचं, तिथे गाडी अडते.

मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगं असल्यामुळे आपल्याला हे सोपं जाईल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मराठीच आडवी येते. पुस्तक ते, घर ते, पाणी ते, मूल ते. जर्मनमध्येही बूख, हाउस, वासर, किंट चारही नपुंसकलिंगी. एवढं जुळल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि मग सुरीवर कापून घेतो. चमचा तो, ‘ल्योफेल’ही पुल्लिंगी, ठीक. पण काटा तो आणि ‘गाबेल’ स्त्रीलिंगी. सुरी ती आणि ‘मेसर’ नपुंसकलिंगी. खिडकी ती आणि ‘फेन्स्टर’ नपुंसकलिंगी. दार ते आणि ‘ट्यूर’ स्त्रीलिंगी. ‘चूक’ रकाना पाहिला तेव्हा कळलं, माझ्या जवळजवळ सगळ्या चुकांत मी बिनदिक्कत मराठी लिंग लावलं होतं.

तेव्हा मराठीशी जुळणारे शब्द मोकळे सोडले आणि न जुळणाऱ्यांवरच मेहनत घेतली. युक्ती पोरकट आहे पण चालते. नपुंसकलिंगी शब्दावर डास बसवायचा. सुरीच्या पात्यावर डास, खिडकीच्या काचेवर डासांची रांग. हे एकदा नीट डोळ्यांसमोर आणलं की ‘डास मेसर’ चुकत नाही. ही सोय फक्त आपल्या भाषेत आहे, वापरून घ्या. उरलेल्या दोन लिंगांसाठी मला इतकं चांगलं चित्र सापडलेलं नाही. पण जिथे नियम आहे तिथे शब्दागणिक चित्र हवंच कशाला? ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ यांनी संपणारी नामं स्त्रीलिंगी, ‘शेन’ने संपणारी नपुंसकलिंगी, या दोन कार्डांनी माझी चाळीसएक कार्डं वाचवली.

पाटी कोरी

काहीच आठवत नाही, चुकीचंही नाही. असं कार्ड बहुतेक वेळा विसरलेलं नसतं, ते कधी शिकलेलंच नसतं. कुठून तरी ‘दोन हजार महत्त्वाचे शब्द’ असला तयार डेक उतरवला, पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघितलं, ‘गुड’ दाबलं, झालं. दहा मिनिटं डोक्यात राहणं आणि शिकणं यांत फरक आहे. उजळणीला आधी काहीतरी उजळायला हवं.

अशा शब्दाला कार्डाबाहेर काढा. तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य शोधा, नसेल तर स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य बनवा, मोठ्याने म्हणा, उच्चार ऐका. मग कार्ड रीसेट करून नव्याने सुरू करा. हे करायचा कंटाळा आला तर तो शब्द तुम्हाला तितका नकोच आहे, मग पुसून टाका. ‘आइडेक्से’ म्हणजे सरडा. मी हे कार्ड नऊ वेळा विसरलो आणि दहाव्यांदा पुसलं. सरड्यांविषयी जर्मनमध्ये बोलण्याची वेळ अजून आलेली नाही. आली तर शब्दकोश आहे. भाषेत खरोखर लागणारा शब्द वाचताना पुन्हा भेटतोच, तेव्हा चांगल्या वाक्यासकट घेऊ.

लाजेने दाबलेलं ‘हार्ड’

आता माझा गुन्हा. उत्तर आलं नाही, पण उलटून बघितल्यावर ‘अरे हो, हे तर येत होतं’ असं वाटलं की मी ‘अगेन’ऐवजी ‘हार्ड’ दाबायचो. सगळं पहिल्यापासून नको, एवढीच इच्छा. पण ‘हार्ड’चा अर्थ ‘कष्टाने का होईना, आठवलं’ असा आहे. यंत्रणा त्याला पास समजते. जे कार्ड मी विसरलोय ते आठवलं असं मी सांगत राहिलो आणि एफएसआरएस माझ्याच उत्तरांवरून शिकत असल्यामुळे फक्त त्या कार्डाचं नव्हे, सगळ्या कार्डांचं गणित बिघडलं. अंतरं भलतीच लांब येऊ लागली, चुका वाढल्या आणि मी अजून ‘हार्ड’ दाबू लागलो.

जुन्या पद्धतीत दुखणं वेगळं असतं. ती पोलंडच्या पिओत्र वोझन्याक यांच्या १९८७ मधल्या ‘एसएम-२’ या गणितावर उभी आहे. अँकीतल्या तिच्या रूपात प्रत्येक कार्डाचा सोपेपणाचा गुणांक (पुढचं अंतर किती पट करायचं तो आकडा) २५० टक्क्यांपासून सुरू होतो, प्रत्येक ‘अगेन’ला २० ने आणि ‘हार्ड’ला १५ ने खाली येतो, आणि १३० च्या खाली जात नाही. सहा वेळा चुकलात की कार्ड तळाला. ‘गुड’ दाबून तो वर येत नाही, ‘इझी’नेच येतो. म्हणजे निरोगी कार्ड १० दिवसांवरून २५, मग ६२ वर जातं, तर तळाचं १० वरून १३, मग १७. नीट पाठ झाल्यावरही ते सारखं डोकावत राहतं. दुरुस्त केलेलं कार्ड रीसेट करायचं ते यासाठीही. नवी पद्धत सुरू केलीत तर हा तळाचा चिखल राहत नाही.

कागदी कार्डांची पेटी वापरणाऱ्यांना ही कटकट नाही. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केलेल्या त्या पद्धतीत चुकलेलं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं, बस. पण तिथेही पहिल्या कप्प्यात मुक्काम ठोकलेली कार्डं ओळखू येतात, त्यांचे कोपरे मळलेले असतात.

खंड पडला आणि ढीग साचला

यावर थोडक्यात. मध्यंतरी अठरा दिवस अँकी उघडलं नाही, आणि उघडलं तर ६४० कार्डं वाट बघत होती. एका बैठकीत उपसायला जाऊ नका, शंभरानंतर डोकं चालत नाही आणि भलत्याच चुका नोंदल्या जातात. नवीन कार्डं शून्यावर आणली, रोज शंभराची मर्यादा घातली. एफएसआरएस सुरू असेल तर आठवण्याची शक्यता जास्त असलेली कार्डं आधी दाखवायचा क्रम निवडता येतो, तो निवडला. अडीच आठवड्यांत उरकलं. उशिराने पाहूनही जे आठवलं त्याला पुढचं अंतर वाढवून मिळालं, म्हणजे अठरा दिवस अगदीच वाया गेले नाहीत. आणि काहीही झालं तरी सगळा डेक रीसेट करू नका. मी तीन वर्षांपूर्वी जपानीच्या डेकला ते केलं होतं. पहिल्या आठवड्यात दोनशे येत असलेले शब्द पुन्हा ‘शिकलो’ आणि कंटाळून जपानीच सोडली.

जळवांसाठी मी रविवारची वीस मिनिटं राखून ठेवली आहेत. एका वेळी पाचच कार्डं: ‘चूक’ रकाना वाचायचा आणि मग एक तर कार्ड फोडायचं, नाहीतर बाजूला बसवायचं, नाहीतर पुसायचं. नुसतं ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणून परत ठेवायचं नाही. एन्टहाल्टन आता दोन महिन्यांच्या अंतरावर आहे, बेहाल्टनही मार्गी लागलं. उंटरहाल्टन अजून सस्पेंड आहे, त्याला येत्या रविवारी बाहेर काढायचा विचार आहे. वाक्य तयार आहे: ‘वीअ उंटरहाल्टन उन्स’, आमच्या गप्पा चालल्यात.